शेंड्यावरचा ठिपका

४ फेब्रुवारी

छोटे,

धाकट्या बहिणीला लिहिताना वर 'अनेक आशीर्वाद' घालायचे असतात, हे मला ठाऊक आहे. मनापासून येतील तेव्हा लिहीन. तूर्त अभिनंदन घे.

बातमी मला आमच्या मालकांनी दाखवली. मी ज्या रोपवाटिकेत काम करते तिचे हे मालक. माझ्या खोलीत बूट घालून यायला मी त्यांनाही बंदी केली आहे, म्हणून त्यांनी वर्तमानपत्र बाहेरूनच काचेच्या दाराला चिकटवलं आणि म्हणाले, "बाई, ही तुमच्यासारखी दिसते हो. नाक तर अगदी तुमचंच." मी म्हटलं, "नाकच काय, माझ्या बऱ्याच वस्तू आहेत तिच्याकडे." त्यांना काही कळलं नाही, पण ते हसले.

तर नव्या संशोधन केंद्राची तू प्रमुख होणार, आणि त्याआधी मोठ्या सभागृहात तुझं व्याख्यान. विषय तोच, ज्यानं तुझं नाव झालं. वाढत्या शेंड्याला सुई टोचली की रोपाच्या पानांचा फेर उलट्या दिशेनं फिरतो. नऊ वर्षं हा एकच विषय तू पुरवून पुरवून खाते आहेस. तुझ्या काटकसरीचं कौतुक वाटतं.

तुला आठवत असेल, प्रयोगशाळेत शेंडा पहिल्यांदा सोलून दाखवला तो मी. कोवळी पानं सुईनं एकेक बाजूला केली आणि मधला तो घुमट तुला दाखवला, टाचणीच्या डोक्याहूनही लहान, ओला, चकचकीत. सांगितलं की यातल्या सगळ्या पेशी सारख्या आहेत, पान कोण होणार आणि देठ कोण, हे अजून एकीलाही ठाऊक नाही. मग एका जागी वाढीचं द्रव्य कणभर जास्त साठतं. तिथं उंचवटा येतो, आणि तो आजूबाजूचं सगळं द्रव्य स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे त्याच्या शेजारी दुसरं पान फुटूच शकत नाही. पुढचं पान त्याच्यापासून जमेल तितकं लांब जाऊन फुटतं, त्याच्या पुढचं आणखी तसंच, आणि गोल जिन्यासारखा पानांचा फेर तयार होतो. काही रोपांत तो उजवीकडून चढतो, काहींत डावीकडून. कुठून, ते पहिल्या एकदोन पानांच्या वेळी योगायोगानं ठरतं.

तू विचारलं होतंस, "म्हणजे ताई, पहिला येईल त्याचीच मजा?" मी हो म्हटलं होतं. आता बघ, पहिली मी आले होते.

मग आई पडली. घरी कुणीतरी जायलाच हवं होतं. तू म्हणालीस, "ताई, तू बिनधास्त जा, तुझं काम मी सांभाळते." मी बिनधास्त गेले. टोचण्याआधीचे सगळे फोटो मी काढून ठेवले होते, सुईही मीच टोचली होती. फक्त शेवटचे फोटो तू काढलेस. मी आईची कूस बदलत होते तेव्हा निबंध छापून आला. वर तुझं एकटीचं नाव, आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात, 'छायाचित्रांच्या कामी मदत केल्याबद्दल माझ्या बहिणीचे आभार.' माझं नावसुद्धा नव्हतं, नुसतं नातं. आयत्या बिळावरचा नागोबा निदान बिळाचे आभार मानत बसत नाही.

असो. आपला जुना सूक्ष्मदर्शक, म्हातारी, माझ्याकडे आहे. प्रयोगशाळेनं भंगारात काढली तेव्हा मी मांडीवर घेऊन घरी आणली. तब्येत छान आहे. एकच खोड अजून गेली नाही, तिच्या कॅमेऱ्यात डावं ते उजवं दिसतं. आठवतं ना? म्हणूनच आपण प्रत्येक शेंड्याच्या उजव्या अंगाला कोळशाच्या पुडीचा एक ठिपका ठेवायचो.

तुझ्या निबंधातली ती दोन चित्रं, टोचण्याआधीचं आणि नंतरचं, एकदा शेजारी ठेवून बघ. फक्त ठिपका बघ. व्याख्यानाला अजून वेळ आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

छोटे,

तुझं उत्तर आलं. 'ताई, इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहून डोळे भरून आले. झालं गेलं विसरून जाऊ. व्याख्यानाला नक्की ये, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते. चित्रांचं बघते.' डोळे भरून आले तरी शेवटचं वाक्य लिहिण्याइतकं दिसत होतं म्हणायचं.

'बघते' म्हणजे तुला कळलं. तरीही एकदा स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे नंतर 'मला नीट सांगितलंच नाहीस' असं व्हायला नको. टोचण्याआधीचे फोटो मी म्हातारीवर काढले होते, म्हणजे ते आरशातल्यासारखे उलटे होते. ते सुलट करायचं काम मी नेहमी शेवटी, पानं मोजायला बसताना करायचे. तेवढ्यात मला घरी जावं लागलं. तू नंतरचे फोटो काढलेस ते नव्या सूक्ष्मदर्शकावर, आणि तो सरळ दाखवतो. उलटे आणि सरळ तू तसेच शेजारी लावलेस, आणि तुझ्या डोळ्यांदेखत प्रत्येक रोपाचा फेर फिरला. एकूण एक रोपाचा. एवढं आज्ञाधारक काहीच नसतं हे तुझ्या मनात एकदाही आलं नाही? पहिल्या चित्रात ठिपका डावीकडे आहे आणि दुसऱ्यात उजवीकडे. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं तर आरशानंच घोळ घातला.

दोघातिघांनी करून पाहिलं आणि त्यांना जमलं नाही, तेव्हा तू त्यांना म्हणालीस की सुई धरायला हात लागतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू त्यांना ऐकवलंस. अंगण खरोखरच वाकडं होतं गं.

आता तू विचारशील, मी नऊ वर्षं मूग गिळून का बसले. निबंधाचा अंक घरी आला तेव्हा मी आईच्या उशाशी बसून तो उघडला. ठिपका दिसला आणि मला हसू फुटलं. आईनं विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "छोटीचं नाव छापून आलंय." ती म्हणाली, "दाखव." मी पान तिच्यासमोर धरलं. तिनं तुझ्या नावावरून बोट फिरवलं, आणि मग विचारलं, "तुझं कुठंय?" मी म्हटलं, "पुढच्या पानावर." पान उलटायची ताकद तिच्यात नव्हती, म्हणून निभावलं.

शेवटच्या दिवसांत ती रोज तुझ्याबद्दल विचारायची. मी सांगायचे, छोटीची परीक्षा आहे. तू कसली परीक्षा देणार होतीस त्या वयात, पण तिला पटायचं. सगळं उरकल्यावर तू आलीस, चाकांची बॅग घेऊन, आणि जेवायच्या आत विमानाची वेळ सांगितलीस. त्या दिवशी मी ठरवलं की आत्ता बोलायचं नाही. तुझं झाड चांगलं उंच होऊ द्यायचं. खालच्या फांदीवरून पडून कुणाचं काही मोडत नाही.

तरी मी थोरली आहे, म्हणून एक दार उघडं ठेवते. व्याख्यानात उभी राहा आणि सांग की पहिलं चित्र उलटं छापलं गेलं, आणि ते चित्र माझ्या ताईनं काढलेलं होतं. दोन वाक्यं आहेत. केंद्र कदाचित जाईल, अब्रू राहील. मी पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवीन, आणि त्यानंतर तुझ्या वाटेला जाणार नाही.

ताई


८ मार्च

छोटे,

काल तुझ्या कार्यालयातला माणूस येऊन गेला. अगदी आर्जवी. केंद्रात छायाचित्र विभागासाठी अनुभवी व्यक्ती हवी आहे म्हणाला, आणि जाता जाता सहज सुचल्यासारखं, "तो जुना सूक्ष्मदर्शक मिळाला तर बाई फार खूश होतील. काचेच्या पेटीत मांडायचाय, दर्शनी भागात."

चोराच्या मनात चांदणं. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की म्हातारी सध्या कामात आहे, पेटीत बसायला तिला सवड नाही. कसल्या कामात, ते त्याला सांगितलं नाही. तुलाही आत्ता सांगणार नाही. संध्याकाळी सगळे घरी गेले की मी तिच्यापाशी बसते, एवढं पुरे.

तो गेल्यावर मालक म्हणाले, "बाई, एवढी मोठी नोकरी आणि तुम्ही नाही म्हणालात? मी तुम्हाला काय देतो ते मला माहीत आहे." मी म्हटलं, "इथं माझ्या बरण्या आहेत." त्यांना ते पटलं, कारण बरण्यांचा त्यांनाही लळा आहे. सारख्याच पेशींचा एक ओबडधोबड गोळा बरणीतल्या पोषक खळीवर ठेवायचा, एका द्रव्याचं प्रमाण वाढवलं तर मुळं सुटतात, दुसऱ्याचं वाढवलं तर कोंब. मालक दर वेळी दाराबाहेरून विचारतात, "आज काय, पाय की डोकं?"

आपण दोघी एकाच घरात, एकाच पंगतीत वाढलो, कपडेही माझेच तू घालायचीस. तुला कुठलं द्रव्य जास्त मिळालं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, माझंच.

दोन वाक्यं. विसरू नकोस. मी येते आहे.

ताई


१७ मार्च

छोटे,

काल तू माझ्याकडे न बघता मागच्या दारानं गेलीस, म्हणून राहिलेलं इथं लिहिते.

मी चित्राची वाट बघत होते. सुरुवातीची तुझी भाषा छान होती, लोक हसले, मीही हसले. मग ती दोन चित्रं पडद्यावर आली, भिंतीएवढी. ठिपका नव्हता. एकातही नाही.

सफाई चांगली होती. शेजारच्या पेशी उचलून तू ठिपक्याच्या जागी बसवल्या होत्यास. पण मी ते शेंडे नऊ वर्षांपूर्वी डोळे दुखेपर्यंत पाहिले आहेत. घुमटातल्या सगळ्या पेशी सारख्या असतात असं आपण म्हणतो, तरी दोघींच्या कडा कधी जुळत नाहीत. तुझ्या चित्रात दोन पेशी हुबेहूब एक होत्या, शेजारी शेजारी.  तोपर्यंत तुझ्या हातून फक्त चूक झाली होती.

मी हात वर केला. तू हसून अध्यक्षांना म्हणालीस, "ही माझी ताई. सुई धरायला मला हिनंच शिकवलं." टाळ्या झाल्या. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्यांनी मी हलले. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते तुला पक्कं ठाऊक होतं, आणि तू ते बरोबर नको त्या वेळी काढलंस.

मी विचारलं, "छापलेल्या निबंधात शेंड्यावर एक काळा ठिपका आहे. इथं दिसत नाही. तो कुठं गेला?"

तू म्हणालीस, "तो धुळीचा कण होता ताई. साफ केला."

"दोन्ही चित्रांत धूळ? एका चित्रात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे?"

तेव्हा खरं बोलली असतीस तर अजूनही सुटली असतीस. पण तू पाण्याचा पेला उचललास. आणि तुझ्या कार्यालयातल्या कुणा भक्तानं प्रत्येक खुर्चीवर तुझ्या निबंधाची प्रत ठेवली होती, शोभेला. सभागृहभर कागद उलटल्याचा आवाज झाला. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सारून ते पान नाकाजवळ नेलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आपण इथंच थांबू या का?"

मी तुला चुकीत पकडायला आले नव्हते. चूक मला नऊ वर्षं माहीत होती. चूक दाखवल्यावर तू काय करतेस, ते मला बघायचं होतं, आणि सगळ्यांना दाखवायचं होतं. म्हणून तर आधी पत्र पाठवलं. पत्र नसतं पाठवलं तर ठिपका जागच्या जागी राहिला असता, आणि लोक म्हणाले असते, बिचारी, फसली.

तू दोन वाक्यं बोलली असतीस तर मी खरंच टाळ्या वाजवल्या असत्या. हे तुला खरं वाटणार नाही.

ताई


२ जून

छोटे,

परवा तू आलीस ते बरं केलंस. दारात न सांगता बूट काढलेस, तेव्हा मला तुझी पहिल्या वर्षाची मूर्ती आठवली. वाळली आहेस. निबंध मागे घेतला, केंद्र दुसऱ्याला दिलं, हे मी वाचलं होतंच.

तू बरण्यांच्या मांडणीपाशी उभी राहून विचारलंस, "ताई, एवढंच हवं होतं का तुला?"

मी हो म्हटलं.

"मला खरंच माहीत नव्हतं गं. तुझं पत्र येईपर्यंत."

"माहीत आहे मला."

"मग?"

"पत्र आल्यावर तर माहीत झालं ना?"

मग तू रडलीस. मी चहा ठेवला. तू म्हणालीस, "म्हणजे नऊ वर्षं मी नुसती हवा विकली. फेर कधी फिरलाच नव्हता." मी साखर ढवळत राहिले. तू डोळे पुसलेस आणि खिडकीतल्या कुंड्यांकडे बोट दाखवून, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलंस, "ही कसली रोपं?" मी म्हटलं, "मालकांची आहेत." तू बघितलंही नाहीस. पूर्वी कुठलंही रोप दिसलं की तू वाकून पानं मोजायचीस.

मोजायला हवी होतीस. फेर फिरतो, छोटे.

आपण तेव्हा टोचायला उशीर करत होतो. उंचवटा दिसायला लागल्यावर टोचून काही होत नाही. तो यायच्या आधी, नुसत्या सपाट घुमटावर, तो जिथं येणार आहे नेमकी ती जागा टोचायची. मग पुढचं पान सरकून भलतीकडे फुटतं, आणि पाचांत एखाद्या रोपाचा सगळा फेर उलटा होऊन वर चढतो. मी ठिपके उजवीकडेच ठेवले, म्हातारीचे फोटो सुलट करून घेतले, पुन्हा पुन्हा पाहिलं. सभागृहात ठिपका पुसून उभी राहून तू जे सांगत होतीस, ते खरं होतं. तिथं ते एकट्या मला माहीत होतं.

हे मला जानेवारीच्या शेवटी कळलं. पहिलं पत्र लिहायच्या आधी.

ज्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "छोटे, इकडे ये, बघ." मालक बाहेरून म्हणाले, "कुणाला बोलावताय बाई?" मी भानावर आले. तुझी इतकी आठवण झाली की पुढचं काही दिसेना, म्हातारीचं भिंग पुसावं लागलं. मी ठरवलं की तुला फोन करायचा, सांगायचं की तू चुकून बरोबर होतीस, आता हे दोघी मिळून लिहू. तुझा नंबरही मिळवला होता.

दुसऱ्या दिवशी मालक ते वर्तमानपत्र घेऊन आले. फोटोखाली तुझं बोलणं छापलं होतं, 'घरात या विषयातलं कुणीच नव्हतं. जे शिकले ते एकटीनं शिकले.' ते काचेतून मी दोनदा वाचलं, आणि नंबर लिहिलेला कागद टाकून दिला.

माझा निबंध स्वीकारला गेला आहे. वर माझं एकटीचं नाव. शेवटी आभाराची एक ओळ घालायची असते. मी बराच वेळ बसले, पण तुझ्याहून चांगली मला सुचली नाही, म्हणून तुझीच घेतली, एकही शब्द न बदलता. 'छायाचित्रांच्या कामी मदत केल्याबद्दल माझ्या बहिणीचे आभार.'

अंक आला की प्रत पाठवीन. आणि पहिल्या पत्रात जे लिहायचं राहिलं होतं ते आता मनापासून लिहिते.

अनेक आशीर्वाद.

ताई